खूप म्हणजे खूप

अक्षर म्हणजे जे झिजत नाही, सडत नाही, नाश पावत नाही. आणि आमच्या वाचनालयात लिहिलेलं एकही अक्षर यापुढं नाश पावणार नाही. हे वाक्य मी तीन वेळा ऐकलं. आदल्या दिवशी अध्यक्षांनी ते मला म्हणून दाखवलं, कार्यक्रमात माईकवर म्हटलं, आणि माईक बंद होता हे लक्षात आल्यावर पुन्हा म्हटलं.

निमित्त एका पेटीचं होतं. धान्याच्या डब्याएवढी काळी पेटी, पुढं दोन हिरवे दिवे. कुणा देणगीदारानं वाचनालयाला दिली होती. मी तिथला ग्रंथपाल. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. गाव त्यांना सर म्हणतं, मीही म्हणतो. पेटीसमोर नारळ फुटला, पेटीला हार पडला, आणि वाहिलेलं हळदकुंकू हवा जाण्याच्या फटींतून सरळ आत गेलं. पाहुणे गेल्यावर कंपनीचा इंजिनिअर जुन्या टूथब्रशनं ते काढत बसला. हा सोलापूरचा, चाळिशीतला, थकलेल्या चेहऱ्याचा माणूस. जिल्ह्यातल्या सगळ्या पेट्या त्याच्याच गळ्यात होत्या आणि त्यातल्या बऱ्याच कुंकवाच्या होत्या.

चालू व्हायच्या आधीच जिला हार घातला जातो अशा वस्तूबद्दल मला शंका असते. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो.

"ही नेमकं करते काय?"

"सतत बॅकअप."

"सगळेच सतत काहीतरी करत असतात. ही काय करते?"

तो हसला आणि त्यानं नीट सांगितलं. पूर्वीच्या पद्धतीत दिवसातून एकदा सगळ्या फाईलींची नक्कल काढून ठेवायचे. नक्कल कालची आणि फाईल बिघडली आज दुपारी, तर सकाळपासूनचं काम गेलं. ही पेटी दिवस संपायची वाट बघत नाही. खाली एक पूर्ण मूळ प्रत ठेवते. त्यानंतर तुम्ही फाईल जितक्या वेळा जतन कराल तितक्या वेळा काय बदललं ते वेळेसकट एका वेगळ्या नोंदीत लिहिते. उद्या कुणी म्हणालं, सोमवारी अकरा वीसला फाईल कशी होती ते दाखवा, तर पेटी मूळ प्रत घेते, तिच्यावर एकेक बदल क्रमानं चढवते आणि अकरा वीसला थांबते.

हे मला लगेच कळलं, कारण आमच्याकडं तलाठी हेच करतो. सातबारा म्हणजे जमीन आज कुणाची आहे ते. फेरफार म्हणजे ती तशी कशी झाली ते. सातबारा कितीही चकचकीत दिसला तरी शहाणा माणूस आधी फेरफार मागतो.

"आणि पेटीच पडली तर?"

"दुसरी प्रत लातूरच्या यंत्रात जाते. त्याच वेळी."

हे मला पटलं. दोन्ही प्रती एकाच भिंतीखाली ठेवू नयेत, हे आमच्या भागाला शिकवावं लागत नाही.

"फेरफार किती दिवसांचे ठेवते?"

त्याचा टूथब्रश थांबला. "पंधरा दिवस."

"आणि सोळाव्या दिवशी?"

"सगळ्यांत जुने बदल मूळ प्रतीत मिसळून टाकते. जागा लागते ना, साहेब. पण एवढ्या दिवसांत चूक कुणाच्या तरी लक्षात येतेच."

मी मान हलवली. आमच्या वाचनालयात एका ग्रंथाची मधली सोळा पानं नाहीत, हे लक्षात यायला अकरा वर्षं लागली होती. आणि तो ग्रंथ लोकप्रिय होता.

या पेटीच्या पोटात महत्त्वाचं म्हणावं असं एकच काम होतं, आणि ते सिस्टरचं. सिस्टर म्हणजे निवृत्त आरोग्यसेविका. उभी नोकरी सास्तूरच्या बाजूच्या खेड्यांत गेली. नोकरीला लागली तेव्हा बाहेरून आलेल्या एका नव्या डॉक्टरांना एक म्हातारी म्हणाली, पाय चावायलेत. डॉक्टर बॅटरी घेऊन तिच्या पायावर कुणी चावल्याची खूण शोधत बसले. त्या दिवसापासून दुखण्याला माणसं काय काय म्हणतात, ते सिस्टर लिहून ठेवू लागली. ठणकतंय, भगभगतंय, चमक भरलीय, अंग आंबलंय. सीमेकडच्या, पोटदुखीला 'होट्टे नोवु' म्हणणाऱ्या बायांचे शब्दसुद्धा. पहिली वही भूकंपात घराच्या भिंतीखाली गेली. तिनं सगळं पुन्हा जमवलं. ज्यांनी पहिल्यांदा सांगितलं होतं त्यातल्या पुष्कळांना दुसऱ्यांदा विचारता आलं नाही.

आता त्याची पुस्तिका करून नव्या डॉक्टरांना आणि नर्सना द्यायची, एवढंच तिच्या मनात होतं. तिला आता वाचायला त्रास होतो, म्हणून ती आठवड्यातून तीनदा यायची, पान समोर ठेवायची, मी टाईप करायचो आणि वाचून दाखवायचो. पानं म्हणजे निकाली निघालेल्या जुन्या रजिस्टरांची. एका बाजूला तिचे शब्द पेन्सिलीनं, दुसऱ्या बाजूला कुणाला कधी काय झालं होतं ते. एक पान पुरं झालं की ती ते पिशवीत टाकायची आणि घरी जाऊन बंबात घालायची.

"सिस्टर, जाळू नका. राहू द्या."

"लोकांचे रोग रद्दीत जाऊ द्यायचे का, भाऊ? उद्या भेळ बांधून मिळायची कुणाच्या तरी गर्मीची नोंद."

"निदान पुस्तिका छापेपर्यंत तरी. पेटीचा एवढा भरवसा धरू नका."

"पेटीचा कोण धरायलंय? तुमचा धरलाय."

हे ऐकायला बरं वाटलं आणि त्या दिवशी रात्री जेवण गेलं नाही.

शेवटचं पानही जळल्यावर एका मंगळवारी सकाळी मी सगळं छापून काढलं आणि पहिल्यापासून वाचून दाखवायला बसलो. दर खेपेला आम्ही नवे शब्द शेवटी जोडत गेलो होतो. सुरुवातीकडं बरेच दिवस कुणी फिरकलं नव्हतं. पहिला भाग होता, किती दुखतंय ते.

"उलीसं: थोडं," मी वाचलं.

"बराबर."

"खूप: खूप."

सिस्टरनं मान वर केली. "काय म्हणलात?"

मी कागद डोळ्यांजवळ नेला. "खूप: खूप."

"भाऊ, डोळे माझे गेलेत का तुमचे?"

मी पुढं वाचलं. वाचण्यावाचून उपाय नव्हता. नाही: नाही. होय: होय.

"हा कोश हाय का आरसा?" सिस्टर म्हणाली.

तिनं जमवलेला 'लई' गेला होता, 'न्हाय' गेला होता, 'व्हय' गेला होता. डावीकडच्या शब्दाच्या जागी उजवीकडचा अर्थ येऊन बसला होता, आणि तेवढ्यावर भागलं नव्हतं. पुढच्या पानावर 'दमीचा झटका' होता. मला वाटलं हा नवा रोग असावा. मग 'निम्मी अंगाला मुंग्या' आल्या. कुणीतरी 'म्या'च्या जागी सरसकट 'मी' घातलं होतं आणि दम्याचा दमी, निम्म्याची निम्मी झाली होती. कलई नसलेल्या भांड्यातलं ताक पिऊन मळमळतं अशी एक नोंद होती. तिथं आता भांड्याला 'कखूप' नव्हती. लेकराच्या टाळूला दुधावरची 'मखूप' लावावी असंही लिहिलं होतं.

कॉम्प्युटर उघडला. फाईलमध्ये हेच. इंजिनिअरनं दाखवून ठेवलं होतं तसं लातूरच्या प्रतीत जाऊन बघितलं. तिथंही मखूप. चूक झाली त्याच क्षणी ती इमानेइतबारे लातूरला पोचली होती. दुसऱ्या प्रतीचं काम नक्कल करण्याचं. आपण कशाची नक्कल करतोय हे ती विचारत नाही.

"उलटं करता येईल," मी म्हणालो. "सगळ्या 'खूप'चे पुन्हा 'लई' करू."

सिस्टरनं मान हलवली. "मग 'लई: लई' व्हईल."

तिचं बरोबर होतं. अर्थाच्या रकान्यात खरा 'खूप' आधीपासून होता. आता खरे आणि खोटे एकाच पोशाखात उभे होते आणि त्यांना वेगळं करणारी पेन्सिलची पानं बंबात गेली होती.

"तुमच्याबिगर त्या कॉम्प्युटरला कोण हात लावतं?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता. दंडात सुई घालायच्या आधी ती याच आवाजात बोलत असणार.

मी कोणी नाही म्हणालो आणि त्याच क्षणी मलाच ते खरं वाटेना. पासवर्ड एकच, आणि तो कळफलकाच्या खाली चिकटवलेला. मनातून मी आधी पेटीला आरोपी केलं, मग आतल्या कुंकवाला, मग इंजिनिअरला. हे लोक लांबून काहीतरी अपडेट करतात असं ऐकलेलं होतं.

अकरा वाजले आणि सर नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र वाचायला आले. आमचे चेहरे बघून त्यांनी काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. सर प्रसन्न हसले.

"आलं का लक्षात? मला वाटलं होतं, कुणाच्या ध्यानातसुद्धा यायचं नाही, इतकं सफाईनं झालं होतं. मी थोडं शुद्ध करून ठेवलं."

"शुद्ध?"

"पुस्तिका बाहेर जाणार. लोक काय म्हणतील, आमच्याकडची माणसं अशी बोलतात?"

"बोलतातच की," मी म्हणालो.

"बोलू देत. छापायचं कशाला? आणि एकेक शब्द शोधत बसायची गरज नसते बरं का. 'सर्व बदला' म्हणून एक बटण असतं. तुम्हाला ठाऊक नसेल."

सिस्टरनं पदर सारखा केला. "सर, तुमाला बसायला येत नव्हतं त्या वक्ताला दवाखान्यात आलावता, ध्यानात हाय?"

सर वर्तमानपत्राची घडी मोडू लागले.

"तवा तुमी 'खूप' म्हणला न्हाईत. काय म्हणला ते पान चाळीसवर हाय. नाव न्हाय घातलं."

सर बराच वेळ हवामानाचा अंदाज वाचत होते. मग वर न बघता म्हणाले, "परत आणता येतं ना ते? पेटीत असतंच की सगळं. मी भाषणात सांगितलं होतं."

"कधी केलंत हे?" मी विचारलं.

"तुम्ही येडशीला लग्नाला गेला होता त्या दिवशी. दुपारी."

तो मंगळवार होता, दोन आठवड्यांपूर्वीचा. पेटीचा पंधरावा दिवस उद्या दुपारी भरत होता. त्यानंतर तिनं तो बदल मूळ प्रतीत मिसळून टाकला असता, आणि मग मखूप हाच मूळ शब्द ठरला असता.

मी इंजिनिअरला फोन लावला. तो अणदूरच्या एका शाळेत पेटी बसवत होता. उद्या संध्याकाळी येतो म्हणाला. मी पंधरा दिवसांचा हिशेब सांगितला.

"आजच येतो. तोवर फाईलला हात लावू नका. आणि साहेब, तुमच्या अध्यक्षांना..."

"ते वर्तमानपत्र वाचतायत."

"वाचू द्या."

चारच्या सुमाराला तो मोटारसायकलवर आला. सिस्टर तोवर हलली नव्हती. मी चहा मागवला तो तिनं घेतला नाही. इंजिनिअरनं पेटीतून त्या फाईलची यादी काढली. प्रत्येक वेळी जतन झाल्याची तारीख, वेळ आणि आकार. बहुतेक ओळींत आकार गोगलगायीसारखा वाढत होता. ते आमचे दर खेपेचे आठदहा शब्द. त्या मंगळवारी मात्र दोन वाजून दहा ते सव्वादोन या पाच मिनिटांत तो चार वेळा झटक्यानं हलला होता. माणसाच्या बोटांनी इतकं इतक्या लवकर होत नाही. 'लई'पेक्षा 'खूप' एका खुणेनं लांब आहे आणि 'न्हाय'पेक्षा 'नाही' एका खुणेनं आखूड. ते फरक शेकडो वेळा साचून यादीत दिसत होते.

"आणि करणाऱ्याचं नाव?" मी विचारलं. मला ते लेखी हवं होतं.

त्यानं बोट ठेवलं. तिथं 'ग्रंथपाल' असं लिहिलेलं होतं. पेटीला सेकंद कळतो, माणूस कळत नाही. तिच्या दप्तरी हे पाप कायमचं माझ्या नावावर आहे. कायमचं म्हणजे पंधरा दिवस.

"दोन नऊला नेऊन सोडतो," तो म्हणाला आणि बटणाकडं गेला.

"थांबा. त्यानंतरचं काय?"

"त्यानंतरचं म्हणजे?"

"दोन आठवडे आम्ही नवे शब्द घातलेत. बाळंतपणाचे सगळे त्यात आहेत. फाईल दोन नऊला गेली की ते कुठं जातील?"

त्याचा हात मागं आला. "ते जातील. म्हणजे पुन्हा आणता येतील, तेही नोंदीत आहेतच. पण घोळ होईल." त्यानं जरा विचार केला. "जुनी फाईल हिच्यावर नको घालायला. शेजारी ठेवतो. तुम्ही नंतरचे शब्द त्यात हातानं चढवा."

पेटीच्या माहितीपत्रकात 'एका क्लिकमध्ये पूर्ववत' असं लिहिलेलं आहे. तो क्लिक करू न देणं, हे त्या सगळ्या प्रकरणातलं माझं एकमेव कर्तृत्व.

एवढ्यात सिस्टरनं विचारलं, "साहेब, त्या नोंदीत सगळंच ऱ्हातं का? पुसलेलं बी?"

"हो, आजी. पुसायच्या आधी जतन झालं असेल तर."

ती माझ्याकडं वळली. मागच्या आठवड्यात एका शब्दाचं उदाहरण सांगताना तिच्या तोंडून एका बाईचं नाव गेलं होतं. मी ते टाईप केलं, आणि मग तिनं लगेच काढायला लावलं. मधल्या मिनिटात सवयीनं मी फाईल जतन केली होती.

"ते आत असेल," इंजिनिअर म्हणाला. "आणखी आठवडाभर."

"काढा."

"नोंदीतून काढता येत नाही. काढता आलं असतं तर चोरानं आधी तेच काढलं असतं."

सिस्टरनं हे तोलून बघितलं. "म्हणजे ठेव म्हणलेलं बी पंधराच दिवस ठेवतंय, आन् पूस म्हणलेलं बी पंधरा दिवस ठेवतंय."

"यंत्राला दोन्ही सारखंच, आजी."

"मग तितके दिवस तिकडं कुणाला जाऊ देऊ नका. आन् भाऊ, तो पासवर्ड काढा तिथनं."

मी कळफलक उलटा करून चिठ्ठी काढली. सर खिडकीबाहेर बघत होते.

जुनी फाईल शेजारी उघडायला दहा मिनिटं लागली. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. मी पहिल्या भागाला गेलो.

"उलीसं: थोडं."

"पुढं."

"लई: खूप."

"आणखी."

"न्हाय: नाही. व्हय: होय. दम्याचा..."

"बास," सिस्टर म्हणाली. गार झालेला चहा उचलून तिनं पिऊन टाकला. मग म्हणाली, "थांबलात कशाला? वाचा की. पुढचं बी तपासलं पायजे का नको?"

आम्ही साडेसहापर्यंत वाचत होतो. पान चाळीस आलं तेव्हा सर आधीच उठून वर्तमानपत्रं लावत होते. नंतरचे शब्द मी पुढच्या तीन दिवसांत हातानं चढवले, सगळं छापून काढलं आणि एक प्रत पत्र्याच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. एक प्रत सिस्टरनं घरी नेली. ती जाळणार नाही असं तिनं कबूल केलं. त्यात कुणाचं नाव नाही याची खात्री तिनं माझ्याकडून दोनदा करून घेतली होती. पुस्तिका छापली गेली. सरांची प्रस्तावना तिच्यात आहे आणि ती शुद्ध आहे.

जुनी फाईल परत मिळाली त्या मंगळवारी निघण्याआधी इंजिनिअरला एक अर्ज भरायचा होता. कंपनीला कळवावं लागतं. 'माहितीच्या नुकसानीचं कारण' या सदरात चौकोन होते: विषाणू, वीज, आग, चोरी, यंत्रदोष, इतर. त्यानं 'इतर'वर खूण केली आणि पुढच्या रेघेवर 'शुध्दलेखन' असं लिहिलं. खाली संस्थेच्या अध्यक्षांची सही लागत होती. सरांनी चष्मा लावला, अर्ज दोनदा वाचला, खिशातून पेन काढलं, 'शुध्द'मधल्या 'ध्द'चा 'द्ध' केला, दुरुस्तीशेजारी आद्याक्षरं घातली आणि खाली सही केली.